एडीसीपीचा आकडा बनतो कसा? विनरिव्हर, क्यूरेव्ह, व्हीएमटी आणि आपल्या नद्या

कन्हानकर (धागाकर्ता)

पावसाळ्यात बातमी ठरलेली असते: गोसीखुर्दची ३३ दारं उघडली, इतके हजार क्युमेक (सेकंदाला घनमीटर) विसर्ग, काठच्या गावांना इशारा. धरणातून सुटणारं पाणी दार किती उघडलंय आणि मागे पातळी किती आहे यावरून हिशेबाने काढता येतं. पण खाली आष्टीला वैनगंगेत खरंच किती पाणी चाललंय हे सांगायला कुणीतरी नदीवर जाऊन मोजावं लागतं. हल्ली त्या मापनासाठी एडीसीपी वापरतात, म्हणजे ध्वनीच्या डॉप्लर परिणामावर चालणारा प्रवाहमापक. इथे त्याच्याबद्दल अधूनमधून विचारणा होते, ती बहुतेक 'कुठलं मॉडेल घ्यावं' अशी. मला त्याच्या सॉफ्टवेअरबद्दल बोलायचंय, कारण आकडा तिथे बनतो.

आधी यंत्र थोडक्यात. बहुतेक यंत्रांत चार तिरपे बीम, म्हणजे ध्वनीचे झोत, असतात. आरडीआय कंपनीच्या रिओ ग्रँडमध्ये ते उभ्या रेषेपासून २० अंश कललेले, सॉनटेकच्या एम-नाइनमध्ये २५ अंश. पाण्याबरोबर वाहणाऱ्या गाळाच्या कणांवरून प्रतिध्वनी परततो आणि त्याची वारंवारता किंचित बदललेली असते. यंत्र १२०० किलोहर्ट्झचं आणि पाणी सेकंदाला १ मीटरने वाहतंय असं धरलं, तर २० अंशांच्या बीमवर हा बदल फार तर ५५० हर्ट्झ. बारा लाखांत साडेपाचशे! प्रतिध्वनी किती वेळाने आला यावरून तो किती खोलीवरचा ते कळतं, म्हणून वरपासून खालपर्यंत एकेका थराचा वेग मिळतो. तळावरून येणाऱ्या प्रतिध्वनीवरून होडी स्वतः किती सरकली तेही कळतं, त्याला बॉटम ट्रॅक म्हणतात. होडी या काठावरून त्या काठाला नेली की शेवटी पडद्यावर विसर्गाचा आकडा येतो.

आता त्या आकड्यात मोजलेलं किती असतं ते बघा. समजा नदी ३ मीटर खोल आहे. यंत्र पाण्यात थोडं बुडलेलं असतं आणि ध्वनी सोडल्यावर लगेच त्याला काही ऐकू येत नाही, म्हणून वरचे ४० सेंटिमीटर गेले. तळाशी बीमच्या कडेने निसटलेला ध्वनी आधी तळावर आपटतो आणि खऱ्या प्रतिध्वनीत मिसळतो. २० अंशांच्या बीमला त्यामुळे खोलीचा सुमारे ६ टक्के भाग सोडावा लागतो, २५ अंशांना ९ टक्क्यांच्या वर. तिथे आणखी २० सेंटिमीटर गेले असं धरू. म्हणजे पाचवा हिस्सा पाणी यंत्राने पाहिलेलंच नाही. दोन्ही काठांची उथळ पट्टी त्याखेरीज. हे सगळं सॉफ्टवेअर अंदाजाने भरतं.

माहिती गोळा करण्याची सॉफ्टवेअर कंपन्यांची आपापली आहेत. टेलिडाइन आरडीआयचं विनरिव्हर टू, सॉनटेकचं रिव्हरसर्व्हेयर लाइव्ह. प्रत्येकाची गाळणी (खराब मापं टाकून द्यायची रीत) वेगळी, रिकाम्या जागा भरायची रीत वेगळी. एकाच नदीवर दोन कंपन्यांची यंत्रं फिरवली तर फरक यंत्राचा की गणिताचा, हे सांगता येत नसे. यूएसजीएस म्हणजे अमेरिकेचं भूवैज्ञानिक सर्वेक्षण खातं. तिथल्या डेव्हिड म्यूलर यांनी यावर क्यूरेव्ह लिहिलं, त्याची पुस्तिका २०१६ मध्ये निघाली. दोन्ही कंपन्यांच्या फाइली ते उघडतं आणि सगळ्यांना एकच गणित लावतं. सुरुवातीला ते मॅटलॅबमध्ये होतं, पुढे पायथनमध्ये आलं, आणि आता क्यूरेव्हइंट या नावाने वाढतंय. फुकट आहे.

चित्रं काढायला व्हीएमटी, म्हणजे व्हेलॉसिटी मॅपिंग टूलबॉक्स. त्यावरचा मूळ शोधनिबंध २०१३ चा. अनेक फेऱ्या (होडीची या काठापासून त्या काठापर्यंतची एकेक खेप) एका सरळ छेदरेषेवर आणून ते त्यांची सरासरी काढतं आणि रंगीत छेद व बाण दाखवतं. तेही फुकट.

माझं म्हणणं एवढंच आहे की विनरिव्हरच्या पडद्यावरचा आकडा थेट रजिस्टरमध्ये उतरवायची पद्धत बंद व्हावी. प्रत्येक मापन क्यूरेव्हमधून गेलं पाहिजे आणि त्यातला अंदाज किती ते शेजारी लिहिलं पाहिजे. व्हीएमटीची चित्रं अहवालात छापताना किती फेऱ्यांची सरासरी आहे हेसुद्धा. बाकी तुम्ही बोला.


जुनागेज

छान लिहिलंय, पण मला एक सांग. आम्ही कपाचा करंट मीटर घेऊन नदीचे वीस-पंचवीस उभे छेद घ्यायचो. प्रत्येक ठिकाणी खोलीच्या ०.६ वर मीटर सोडायचा, फेरे मोजायचे, घड्याळ लावायचं. सगळं कागदावर. कुणीही यावं, बेरीज तपासावी. आता मुलगा लॅपटॉप उघडतो, हिरवी खूण आली की म्हणतो 'काका, झालं.' काय झालं ते त्यालाही माहीत नाही. तू म्हणतोस पाचवा हिस्सा अंदाज आहे. आमच्या मापनात असला अंदाज नव्हता.


कन्हानकर

काका, होता. ०.६ कुठून आला?

तळापासून वर जाताना वेग उंचीच्या एक-षष्ठांश घाताने वाढतो असं धरा. अशा छेदातली सरासरी पृष्ठावरच्या वेगाच्या ६/७ येते. आणि तेवढा वेग नेमका कुठे असतो? ६/७ चा सहावा घात काढा, ०.३९७ येतं. म्हणजे तळापासून ०.४, वरून ०.६. तुमचा मीटर एका जागी वेग मोजायचा आणि बाकी सगळा उभा छेद या समजुतीवर सोडायचा. एडीसीपी मधला मोठा भाग मोजतो आणि फक्त वरचा-खालचा तुकडा त्याच समजुतीवर भरतो. विनरिव्हरमध्ये मुळात हाच १/६ घात बसवलेला असतो.

क्यूरेव्ह पुढे जाऊन विचारतं की ही नदी खरंच १/६ ने चालते का. सगळ्या फेऱ्यांतले मोजलेले बिंदू एकत्र मांडून ते घात जुळवून बघतं. गोसीखुर्दच्या फुगवट्यात, जिथे पाणी संथ आणि तळाशी वनस्पती आहे, तिथे १/६ बसेलच असं नाही. वारा उलटा असेल तर वरचा थर मागे रेटला जातो, मग वरच्या भागाला हा घात लावणंच चूक, तिथे वेग स्थिर धरायचा पर्याय असतो. तो आलेख एकदा उघडून बघा, तुम्हाला आवडेल. कागदावर यातलं काही दिसत नव्हतं.


तर्रीपोहे

मी काही इंजिनेर नाही भाऊ. पण आमच्या गावात पूर येते तेव्हा ओंडके वाहून जाऊन राहतात. पुलापासून देवळापर्यंत ओंडका किती वेळात गेला ते पाहून वेग निघते की नाही? मग एवढ्या लाखोच्या डब्याची गरज काय?


जुनागेज

@तर्रीपोहे, निघतो. तरंगा सोडूनही मोजमाप होतं, मोठ्या पुरात आम्ही तेच करायचो. होडी घालणं म्हणजे जिवाशी खेळ. पृष्ठावरचा वेग घ्यायचा आणि ०.८५ च्या आसपासच्या गुणकाने गुणायचं.

(आणि कन्हानकर, ६/७ म्हणजे ०.८५७. आलं लक्षात. बरं.)


तर्रीपोहे

मंग आमचा ओंडका पास झाला म्हणायचा 😄


हेमांगी_न

धाग्याबद्दल आभार, वाचनखूण साठवली. माझा एमटेकचा विषय संगमावरचा आहे. बीना संगमाजवळ कन्हान, पेंच आणि कोलार एकत्र येतात, तिथून खालच्या छेदांवर एडीसीपीच्या फेऱ्या घेतल्या आहेत. व्हीएमटीमध्ये दुय्यम प्रवाहाचे, म्हणजे मुख्य दिशेला आडव्या जाणाऱ्या पाण्याचे, बाण काढले. रोझोव्हस्की पद्धत निवडली की डावीकडे छान गोल भोवरा दिसतो. 'शून्य दुय्यम विसर्ग' निवडलं की तो भोवरा जवळजवळ गायब होतो आणि सगळे बाण एका बाजूला झुकतात. सर म्हणतात भोवरा दिसतो ते चित्र घे. मला पटत नाहीये. खरं कुठलं मानायचं?


प्रवाही

हेमांगी, दोन्ही चित्रं बरोबर आहेत, ती वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं देतात.

रोझोव्हस्कीत प्रत्येक उभ्या रेषेची आपापली मुख्य दिशा ठरते, म्हणजे तिथल्या खोलीभरच्या सरासरी वेगाची दिशा. त्या दिशेला काटकोनात जे उरतं ते दुय्यम. व्याख्येनेच प्रत्येक उभ्या रेषेवर वर एकीकडे आणि खाली दुसरीकडे जाणारा वेग एकमेकांना रद्द करतो. म्हणजे वर-खाली दिशांत थोडासा फरक असला तरी बाणांची जोडी उलटसुलट दिसणारच, आणि डोळा तिथे भोवरा बघणारच. शून्य दुय्यम विसर्गात संपूर्ण छेदाची एकच दिशा ठरते, अशी की आडवं जाणारं एकूण पाणी शून्य व्हावं. संगमाखाली दोन प्रवाह कोनात येतात, त्यामुळे एका बाजूचं सगळं पाणी दुसऱ्या बाजूकडे सरकताना दिसतं. तेही खरंच घडत असतं.

संगमात दोन नद्या एकमेकींना कशा ढकलतात हा प्रश्न असेल तर दुसरं चित्र जास्त बोलतं. वळणावरच्या पिळाबद्दल बोलायचं असेल तर पहिलं. प्रबंधात दोन्ही शेजारी द्यावीत.

आता तीन गोष्टी तपासून बघ. पहिली, उभा ताण. व्हीएमटीत खोली रुंदीच्या मानाने कितीतरी पट ताणलेली असते, आणि बाणही त्याच ताणात वळतात. सपाट सरकणारं पाणी त्यात गरगरताना दिसू शकतं. दुसरी, गुळगुळीत करण्याची खिडकी. ती किती मोठी ठेवली ते चित्राखाली लिही. तिसरी सगळ्यात महत्त्वाची, बीमचं अंतर. २० अंशांच्या यंत्रात समोरासमोरचे बीम तळाशी खोलीच्या ०.७३ पट लांब असतात. ४ मीटर खोलीवर ते झाले २.९ मीटर. चारही बीमना एकच पाणी दिसतंय या गृहीतावर वेग काढला जातो. तुझा भोवरा दोन मीटरचा असेल तर त्याच्या एका बाजूला एक बीम आणि पलीकडे दुसरा बीम असणार. तळाशी तो यंत्राला दिसणं शक्यच नाही, मग चित्रात कितीही सुबक येवो.


हेमांगी_न

अरे बापरे. खोली साडेतीनच्या आसपास आहे, म्हणजे तळाशी अडीच मीटर. माझा 'भोवरा' साधारण तेवढाच आहे. कच्च्या फेऱ्या एकेक करून बघते.

अजून एक. पेंचवर नवेगाव खैरी धरणातून पाणी सोडलं असेल-नसेल त्यावर दोन प्रवाहांचा जोर बदलतो. वेगवेगळ्या दिवसांच्या फेऱ्यांची एकत्र सरासरी घेतली तर चालेल का?


प्रवाही

नाही. सरासरी स्थिर प्रवाहाचीच. एका दिवशीच्या, जवळजवळच्या वेळच्या फेऱ्या घे. वेगवेगळे दिवस म्हणजे वेगवेगळी चित्रं, आणि त्यांची तुलना हाच तुझा मुद्दा होऊ शकतो. प्रतिध्वनीच्या तीव्रतेचा छेदही काढून बघ, व्हीएमटीत तो पर्याय आहे. एका नदीचं पाणी दुसरीपेक्षा गढूळ असेल तर दोन्ही पाण्यांमधली सीमा त्यात दिसते, आणि तिथे रोझोव्हस्कीचा वाद येत नाही.

रंगांची पट्टी मात्र बदल. लाल-पिवळा-हिरवा-निळा असा इंद्रधनुष्य ठेवला की पिवळ्या-हिरव्याच्या हद्दीवर नसलेली रेघ दिसते आणि परीक्षक तिथेच बोट ठेवतात.


पायथनवाला

कच्च्या फाइली बघायला विनरिव्हरच हवं असं नाही. आरडीआयच्या पीडी-झिरो फाइली वाचायला पायथनमध्ये डॉल्फिन नावाची लायब्ररी आहे. वीसेक ओळींत वेगाचं कोष्टक हातात येतं, पुढे मॅटप्लॉटलिबमध्ये हवं ते चित्र काढा. मला हे कंपन्यांचे बटणांनी भरलेले पडदे अजिबात झेपत नाहीत. विसर्ग काढणंही अवघड नाही: होडीचा वेग आणि पाण्याचा वेग यांचा सदिश गुणाकार, थराची जाडी आणि वेळ लावून बेरीज. मी तर म्हणतो प्रत्येकाने स्वतः लिहावं.


कन्हानकर

शिकायला जरूर लिहावं. नोंदीत मात्र तो आकडा जाऊ नये. मधल्या भागाची बेरीज सोपी आहे हे मान्य, पण सगळी मेख गाळणीत आहे. चार बीममुळे उभा वेग दोन वेगळ्या मार्गांनी निघतो, त्यांच्यातला फरक म्हणजे एरर व्हेलॉसिटी. तो किती मोठा झाला की माप टाकून द्यायचं? टाकलेल्या मापाच्या जागी काय भरायचं? तीनच बीम चालले तर ते घ्यायचे का? क्यूरेव्हने या प्रत्येकाचं उत्तर लिहून ठेवलंय आणि कोड उघडा आहे. तुझ्या स्क्रिप्टचं उत्तर तुझ्याजवळच राहतं, उद्या तू नोकरी बदललीस की संपलं.


पायथनवाला

हा टोला बरोबर बसला. पण क्यूरेव्हचा कोड पायथनमध्येच आहे, तो वाचता येतो, हा माझाही मुद्दा धरा.


सांगलीकर

आमच्याकडे २०१९ च्या पुरानंतर कृष्णेच्या आकड्यांवर खूप वाद झाले, म्हणून विचारतो. पुरात पाणी चिखलासारखं असतं आणि तळाची वाळूही वाहत असते. बॉटम ट्रॅक तळ स्थिर आहे असं धरतो ना? मग तळच सरकत असेल तर?


कन्हानकर

नेमका प्रश्न. तळाची वाळू खाली सरकत असेल तर यंत्राला वाटतं की होडीच वर जातेय. मग पाण्याचा वेग कमी भरतो आणि विसर्ग कमी येतो. नेहमी कमीच, म्हणून हे धोक्याचं. ऐन पुरात आकडा लहान दिसतो.

तपासायची रीत सोपी आहे. एका काठाच्या खुणेपासून निघा, पलीकडे जा, परत त्याच खुणेवर या. तळ स्थिर असेल तर बॉटम ट्रॅकची वाट सुरुवातीच्या बिंदूशी मिळते. वाळू सरकत असेल तर ती प्रवाहाच्या वरच्या बाजूला उघडी राहते. समजा ६०० सेकंदांत ६० मीटरची फट पडली, तर तळ सेकंदाला सरासरी ०.१ मीटरने सरकतोय. नदीचा सरासरी वेग १.५ असेल तर साडेसहा टक्क्यांच्या आसपास घट. या वेगाने नदीच्या सरासरी वेगाचा १ टक्का ओलांडला तर यूएसजीएसच्या नियमाप्रमाणे दुरुस्ती करावी लागते. ही फेरी क्यूरेव्हला दिली की दुरुस्ती ते करतं. फेरीच घेतली नसेल तर टॅब लाल होते, आणि माझ्या मते लालच राहिली पाहिजे.

किंवा होडीचा वेग जीपीएसवरून घ्यायचा. मग तळाशी संबंधच नाही.

चिखलाचं म्हणाल तर ३ मेगाहर्ट्झचा ध्वनी गढूळ पाण्यात लवकर विरतो, तळापर्यंत पोचत नाही. अशा वेळी ६०० किलोहर्ट्झचं यंत्र बरं. उलट हिवाळ्यात पेंचच्या निवळशंख पाण्यात प्रतिध्वनी द्यायला कणच पुरेसे नसतात. दोन्हीकडे रिकाम्या जागा वाढतात, फक्त कारणं उलटी.


जुनागेज

जीपीएस लावला की सुटलं असं समजू नका. आमच्याकडे होडी लोखंडी होती. होकायंत्र काय वाट्टेल ते दाखवायचं.


प्रवाही

काका, तुमचा मुद्दा पुस्तिकेतही नीट वाचला जात नाही, म्हणून इथे लिहितो.

बॉटम ट्रॅकवर विसर्ग काढताना होकायंत्राची गरजच पडत नाही. होडीचा वेग आणि पाण्याचा वेग, दोन्ही यंत्राच्याच चौकटीत मोजलेले असतात. त्यांचा सदिश गुणाकार घेतला की चौकट उत्तरेकडे आहे की पूर्वेकडे याने काही फरक पडत नाही. होकायंत्र २० अंशांनी चुकलं तरी विसर्ग तोच, फक्त नकाशावर नदी तिरकी दिसेल. जीपीएस मात्र होडीचा वेग खऱ्या उत्तरेच्या हिशेबाने देतो आणि पाण्याचा वेग यंत्राच्या चौकटीत असतो. दोन चौकटी जुळवायला होकायंत्र लागतंच. तिथे लोखंडी होडी किंवा लोखंडी पूल आला की इकडून तिकडे जाताना विसर्ग जास्त आणि परत येताना कमी, असा फरक पडतो. होडी जितकी जोरात पळवाल तितका जास्त.

म्हणून जीपीएस वापरायचा असेल तर तिथेच, त्याच होडीत बसवून होकायंत्राचं कॅलिब्रेशन, होडीची चाल संथ, आणि जाण्या-येण्याच्या फेऱ्या जोडीने. हेमांगी, तुझ्या चित्रांतले बाण सगळे होकायंत्रावर अवलंबून आहेत, विसर्ग नसला तरी. तेही बघून घे.


जुनागेज

म्हणजे होडी लोखंडी असेल तर बॉटम ट्रॅक, आणि वाळू सरकती असेल तर जीपीएस. आणि दोन्ही एकत्र आलं तर?


प्रवाही

तर फायबरची तीन पायांची छोटी होडी दोरीने पुलावरून ओढायची, माणसं कोरडी. तेही शक्य नसेल तर बॉटम ट्रॅकच घ्यायचा आणि त्या बंद फेरीवरून... थांबा, बंद फेरीच्या परीक्षेलाही होकायंत्र चांगलं लागतं, नाहीतर फट होकायंत्रामुळे पडते. तेव्हा नांगर टाकून एका जागी उभं राहून परीक्षा घ्यायची. होडी हलत नसताना बॉटम ट्रॅक वर सरकताना दिसला की तो वाळूचा वेग.


धरमपेठी

थोडं अवांतर. २३ सप्टेंबर २०२३ ला अंबाझरी ओसंडला आणि नाग नदीचं पाणी घराघरांत शिरलं, आमच्या तळमजल्यासकट. अशा वेळी नाग नदीत हे यंत्र सोडून आगाऊ सूचना देता येईल का?


कन्हानकर

अवांतर नाही. होडीवरचं एडीसीपी तिथे कामाचं नाही. स्थिर प्रवाहात सगळ्या फेऱ्या मिळून किमान ७२० सेकंद मोजावं अशी अपेक्षा असते. नाग नदी त्या रात्री मिनिटागणिक चढत होती. बारा मिनिटांत मोजायला घेतलेलं पाणी वेगळं आणि मोजून संपलेलं वेगळं. शिवाय कचरा, फेस, झाडांच्या फांद्या. एरवी तर पाणी इतकं उथळ की वरचे-खालचे सोडलेले थर एकमेकांना भिडतात.

अशा नाल्यावजा नदीला पुलाखाली रडार बसवतात, ते पाण्याला न शिवता पृष्ठाचा वेग आणि पातळी सांगतं. (तर्रीपोहे, तुमचा ओंडकाच, फक्त विजेवरचा.) दुसरा मार्ग म्हणजे काठाला आडवं बसवलेलं एडीसीपी. ते एका पट्ट्यातला वेग सतत नोंदवतं, आणि अधूनमधून होडीवरच्या मापनाशी त्याचं नातं जुळवतात. पण नुसत्या मापनाने इशारा मिळत नाही, त्यासाठी वर अंबाझरीची पातळी आणि पाऊस हवा.


पायथनवाला

उन्हाबद्दल कुणी बोललं नाही. नागपूरच्या मे महिन्यात जीपच्या मागे पेटीत तापलेलं यंत्र थेट पाण्यात घातलं की त्याचा थर्मामीटर बराच वेळ पाण्याचं नाही, स्वतःचं तापमान सांगतो. ध्वनीचा वेग पाण्याच्या तापमानावर ठरतो: गोड्या पाण्यात ३० अंशांना सेकंदाला १५०९ मीटर, ४० ला १५२९. म्हणजे सव्वा टक्का फरक. आणि साध्या बीमच्या यंत्रात तो पाण्याच्या वेगात शिरतो, होडीच्या वेगात शिरतो, खोलीतही शिरतो.


कन्हानकर

+१. यंत्र पाण्यात ठेवून थांबायचं, वेगळ्या थर्मामीटरने तापमान मोजायचं आणि दोन्ही क्यूरेव्हमध्ये टाकायचे. तापमानाचा आलेख फेऱ्या चालू असताना उतरत गेलेला दिसला की समजावं, घाई झाली.


हेमांगी_न

काठांबद्दल विचारायचं राहिलं. माझ्या एका छेदावर क्यूरेव्ह काठाच्या टॅबवर पिवळी खूण दाखवतंय. काठ फार तर आठ मीटरचा आहे. एवढ्याने काय बिघडतं?


प्रवाही

हिशेब कर. काठापासून शेवटच्या मापापर्यंत ८ मीटर, तिथे खोली १.२, वेग ०.५. काठ उतरता धरला तर गुणक ०.३५३५, विसर्ग १.७ क्युमेक. भिंतीसारखा उभा धरला तर गुणक ०.९१, विसर्ग ४.४. पुरात हे कुणाला जाणवणार नाही. उन्हाळ्यात कन्हान सगळी मिळून २० क्युमेक वाहत असेल तर हा फरक तेरा टक्क्यांच्या वर जातो. काठाचा आकार आणि अंतर ही माहिती यंत्राला कधीच कळत नाही, ती माणसाने वहीत लिहिलेली असते. अंतर टेपने किंवा लेझरने मोज, नजरेने नको. आणि काठाशी होडी थांबवून किमान दहा मापं घेतली का ते बघ, पिवळी खूण बहुधा त्याचीच असेल.


हेमांगी_न

सातच आहेत 🙈 डोंगा चालवणारे मामा थांबायलाच तयार नसतात, पाण्याच्या ओढीने काठाला आपटतो म्हणतात.


जुनागेज

मामांचं ऐका. काठाला बांबू रोवून दोर बांधा, मग थांबतील.

कन्हानकर, एक काम कर. तू वर म्हणालास अंदाज किती ते शेजारी लिहिलं पाहिजे. आमच्या वेळच्या रजिस्टरमध्ये त्याला रकाना नव्हता. हे क्यूरेव्ह छापून काही देतं का, की पुन्हा पडदाच बघायचा?


कन्हानकर

देतं, काका. मापन साठवलं की एक एक्सएमएल फाइल बनते. त्यात वरचा, मधला, खालचा, डावा काठ, उजवा काठ असा पाच तुकड्यांचा विसर्ग वेगळा असतो. मधला भागिले एकूण, ही टक्केवारी म्हणजे खरंच मोजलेला हिस्सा. त्याशिवाय सरकत्या तळाच्या परीक्षेचा निकाल, वापरलेला घात, प्रत्येक फेरीचा आकडा आणि अनिश्चिततेचा तक्ता. रजिस्टरला चार रकाने वाढवले तर पुरे: मोजलेला हिस्सा, घात, तळाची परीक्षा, होडीच्या वेगाचा आधार. कच्च्या फाइली आणि एमएमटी फाइल (विनरिव्हरची मापनाची फाइल) त्याच फोल्डरमध्ये ठेवायच्या, म्हणजे दहा वर्षांनी कुणाला घात बदलून बघायचा असेल तर बघता येईल.


जुनागेज

चार रकान्यांचा नमुना टाक इथे. आणि 'होडीच्या वेगाचा आधार' हे लांबलचक होतंय, रकान्यात मावणार नाही. 'बीटी / जीपीएस' एवढंच छापा.


पायथनवाला

एक्सएमएलमधून ते चार रकाने आपोआप भरून एक्सेलमध्ये टाकणारी स्क्रिप्ट आठवड्याभरात देतो. या वेळी विसर्ग मी काढणार नाही, नुसता उतरवून घेईन. 😀 सॉनटेकच्या मापनांची एकदोन एक्सएमएल कुणाकडे असतील तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, माझ्याकडे फक्त आरडीआयच्या आहेत.


हेमांगी_न

माझ्याकडे एम-नाइनच्या आहेत, पाठवते. पिवळ्या खुणांसकट.